एक मैदान, दोन खेळ: प्रकल्पाच्या नोंदी

18 जून

शाळा उघडून चारच दिवस झाले आणि मैदानावरून वाद उभा राहिला. या वर्षीपासून आमच्याकडे रग्बी सुरू होते आहे, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा आणि पळणाऱ्याला धरून पाडायचा (टॅकल) खेळ. आठवी-नववीच्या चोवीस मुलांनी नावं दिली, त्यात अकरा मुली. शिकवायला बाहेरून एक तरुण प्रशिक्षक येणार आहेत, मुलं पहिल्या दिवसापासून त्यांना ताईच म्हणायला लागली. क्रिकेटचे सर पंधरा वर्षं याच मैदानावर मुलं घडवताहेत. ते स्टाफरूममध्ये म्हणाले, "बाई, पावसात ही पोरं पिचवर लोळली तर ऑक्टोबरात चेंडू कुठे उसळेल ते कुणालाच सांगता यायचं नाही."

त्यांचं खोटं नाही. ताईंचंही खोटं नाही: पावसाळ्यात मैदान रिकामं पडलेलं असतं, माती मऊ असते, पडलं तरी लागत नाही. मग रग्बी तेव्हा नाही खेळायची तर कधी?

29 ऑगस्टला राष्ट्रीय क्रीडा दिन, मेजर ध्यानचंद यांची जयंती. त्या दिवसासाठी इतिहासाचं प्रदर्शन दरवर्षी माझ्याकडे असतं. या वेळी मी विषय स्वतःहून मागून घेतला: क्रिकेट आणि रग्बी हे दोन खेळ एकाच मैदानावर कसे नांदले. मध्यभागी मुंबईच्या बॉम्बे जिमखान्याचं मैदान, आजूबाजूला जगातली आणखी तीन. सर आणि ताई दोघांनाही मदतीला घेतलं आहे. दोघं एका टेबलाशी बसले तर निम्मं काम झालं.

22 जून

गट ठरले. चार गट, प्रत्येकात क्रिकेटवाले आणि रग्बीवाले मिसळून. नियम एकच: फलकावर जाणारी प्रत्येक तारीख आणि आकडा दोन वेगवेगळ्या ठिकाणी जुळला पाहिजे. जुळला नाही तर ती ओळ गाळायची, कितीही आवडली तरी.

दुपारी सहा जणांना घेऊन आमच्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात गेले. 1840 सालची संस्था. एका मुलाने हिशेब केला, "म्हणजे बाई, रग्बीचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला तेव्हा हे वाचनालय एकतीस वर्षांचं होतं." बरोबर आहे. तो सामना 27 मार्च 1871 चा.

25 जून

आमच्याच मैदानाची मोजणी. तीस मीटरचा टेप, सुतळी, फक्कीचं पोतं आणि माळीकाका. लांबी 92 मीटर पूर्व-पश्चिम, रुंदी 61. खेळपट्टी अगदी मधोमध, उत्तर-दक्षिण. तशी का, हे मुलांना माहीत नव्हतं. सकाळ-संध्याकाळचं ऊन फलंदाजाच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून. बावीस यार्ड म्हणजे 20.12 मीटर, रुंदी 3.05 मीटर.

मग रग्बीचे नियम उघडले. पूर्ण मैदान गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंत 94 ते 100 मीटर, रुंदी 68 ते 70, शिवाय दोन्ही टोकांना गोलरेषेमागची जागा वेगळी. आपल्याकडे बसतच नाही. लहान करून आखलं तर मधली रेषा बरोब्बर खेळपट्टीवर येते, म्हणजे सामना सुरू करणारी पहिली लाथ खेळपट्टीवरच बसणार. सरांनी कागदाकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

माळीकाकांनी मात्र एक गोष्ट दाखवली. खेळपट्टीजवळची काळी माती मुठीत घेऊन दाबली. "ही उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. ओली असताना वर नाचलं की आतली हवा निघून जाते. मग वाळली की वीट. आणि बुटाचा खड्डा पडला असेल तर तो खड्डाही वीटच होऊन बसतो." पुस्तकात हे मला चार पानांत वाचावं लागलं होतं.

2 जुलै

जिमखान्याचा गट कामाला लागला. स्थापना 1875. 'जिमखाना' हा शब्द चेंडूच्या घरावरून, 'गेंदखाना'वरून आला असं मानतात. मुलांना हे भारीच आवडलं.

त्या जागेचा मूळ हेतू खेळाचा नव्हताच. मुंबईच्या किल्ल्याबाहेरची जमीन मोकळी ठेवली होती ती तोफांसाठी, समोर आडोसा नको म्हणून. 1860 च्या दशकात तटबंदी पाडली गेली आणि मोकळी जमीन उरली. पुढे रस्ते आले, तिचे तुकडे झाले: आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, कूपरेज. जिमखाना आझाद मैदानाच्या दक्षिण टोकाला. तेव्हा क्लबचं सदस्यत्व युरोपीयांपुरतं.

आणि इथे आमच्या विषयाचा जुना भाऊबंद सापडला, रग्बीच्याही आधीचा: पोलो. क्लबवाल्यांची क्रिकेटची जागा स्वतंत्र, राखलेली. पोलो मात्र ते उरलेल्या मोकळ्या मैदानावर खेळत, जिथे पारशी आणि इतर देशी पोरं क्रिकेट खेळायची. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडायची. दुसऱ्या दिवशी त्याच खड्ड्यांत चेंडू टाकायचा. शापूरजी सोराबजी या पारशी क्रिकेटपटूच्या पुढाकाराने 1881 मध्ये शेकडो खेळाडूंनी सह्या करून सरकारकडे अर्ज केला. निकाल एकदा त्यांच्या बाजूने लागला, पुढे फिरला. यातून पारश्यांना, मग मुसलमानांना आणि हिंदूंना समुद्राकाठी वेगळ्या जागा मिळत गेल्या आणि मरीन लाइन्सची जिमखान्यांची ती रांग उभी राहिली.

हा अर्ज मुलांनी एका बैठकीत दोनदा वाचून घेतला. नववीतली एक मुलगी म्हणाली, "म्हणजे बाई, यांनी भांडण मिटवलं नाही. जागा वाटून दिली." मी फळ्यावर तसंच लिहिलं.

9 जुलै

आजची नोंद लांबणार.

फलक क्रमांक 3, पालवणकर बाळू. जन्म 1876, धारवाड. वडील लष्करात, कुटुंब पुण्यात आलं. जात चांभार. मुलगा पुण्यातल्या पारशी क्लबात मैदान झाडायला आणि रोलर फिरवायला लागला, मग युरोपीयांच्या क्लबात. पगार महिन्याला चार रुपये. तिथे नेटमध्ये साहेब लोकांना चेंडू टाकायचं कामही त्याच्याकडे. जे. जी. ग्रेग हे तिथले उत्तम फलंदाज. त्यांना बाद केलं की आठ आणे मिळत असं सांगतात. तासन्‌तास टाकून टाकून डावखुरी फिरकी अशी तयार झाली की हिंदूंच्या संघाला त्याला घेतल्यावाचून गत्यंतर उरलं नाही. घेतलं. पण चहाच्या वेळी बाकीचे मंडपात, कपबशीत. बाळू बाहेर, मातीच्या भांड्यात.

फेब्रुवारी 1906. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपीय. हिंदू 242 आणि 160, युरोपीय 191 आणि 102. हिंदूंनी 109 धावांनी जिंकला. मुलांनी वजाबाकी करून आकडा पडताळला. पाच वर्षांनी, 1911 मध्ये, इंग्लंडच्या दौऱ्यावर सगळे सामने धरून बाळूंनी 114 बळी घेतले. कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं, 1923 मध्ये, आणि त्या वर्षी हिंदूंनी युरोपीयांना हरवलं.

वर्गात हे सांगताना माळीकाका दाराशी उभे होते, किल्ल्या द्यायला आले होते. सगळं संपेपर्यंत थांबले. नंतर एवढंच विचारलं, "बाई, तो रोलर किती वजनाचा असेल?" त्यांचा स्वतःचा रोलर सिमेंट भरलेला, दोन माणसांना ओढायला लागतो. मी म्हणाले, काका, फलकाशेजारी तुमच्या रोलरचा फोटो लावायचा आहे. ते हसले, पण दुसऱ्या दिवशी रोलर धुऊन ठेवलेला दिसला.

नाशिकच्या मुलांना काळाराम मंदिराचा सत्याग्रह माहीत असतो. 2 मार्च 1930 ला सुरू झालेला, दर वर्षी शिकवतो. बाळूंच्या गोष्टीशी मी तो जोडून दिला. 1937 च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत हेच बाळू डॉ. आंबेडकरांच्या विरोधात काँग्रेसतर्फे उभे राहिले आणि हरले, हेही सांगितलं. मुलं गोंधळली. गोंधळू द्यावं. इतिहास त्यांच्या वयाला सोपा करून सांगितला की तो पुन्हा कधी नीट वाचत नाहीत.

13 जुलै

पाऊस. काहीच काम नाही.

16 जुलै

पाऊस दोन दिवस सलग, आज उघाड. ताईंनी पहिला सराव घेतला. खेळपट्टीभोवती सुतळी होती, पण वीस मिनिटांत कुणाच्या पायात आली आणि तुटली. त्यानंतर सगळे सुतळीच्या आत. मी स्टाफरूमच्या खिडकीतून बघत होते आणि मला ते थांबवायला सुचलं नाही, कारण मुलं इतकी आनंदात होती. दोष माझाही आहे. सुतळी मीच बांधायला सांगितली होती, दोर नाही.

संध्याकाळी खेळपट्टीच्या एका टोकाला एकतीस खड्डे मोजले. सर गुडघ्यावर बसून एकेक खड्डा हाताने बुजवत होते. कुणावर ओरडले नाहीत. रग्बीतली तीन मुलं न सांगता त्यांच्या शेजारी बसली.

20 जुलै

रग्बीचा गट. हा फलक मुलांनी स्वतः मागितला: कलकत्ता कप.

कलकत्त्यात रग्बीचा पहिला सामना 1872 च्या नाताळला झाला. तिथला क्लब 1874 मध्ये इंग्लंडच्या रग्बी संघटनेत सामील झाला. मग एक पलटण शहर सोडून गेली, लोकांचा ओढा टेनिस आणि पोलोकडे वळला. उष्ण हवेत ते खेळ अधिक सोसवतात. क्लब बंद करायची वेळ आली. बँकेत होते ते 270 चांदीचे रुपये काढले, वितळवले आणि एक कप घडवला. तीन नागांचे कान, झाकणावर हत्ती. तो 1878 मध्ये इंग्लंडच्या संघटनेला दिला. तेव्हापासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी खेळतात. पहिला सामना 1879 मध्ये एडिनबरोच्या रेबर्न प्लेस मैदानावर, बरोबरीत सुटला.

आणि रेबर्न प्लेस हे मुळात क्रिकेटचं मैदान! 1871 चा तो पहिला आंतरराष्ट्रीय सामनाही तिथलाच, प्रत्येकी वीस खेळाडू, स्कॉटलंड जिंकलं. म्हणजे रग्बीचा आंतरराष्ट्रीय जन्म क्रिकेटच्या गवतावर झाला. सरांना हे वाचून दाखवलं. त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

पोलो पुन्हा आलाच. मुंबईत क्रिकेटची जमीन त्याने उकरली, कलकत्त्यात रग्बीची माणसं पळवली. मुलांनी पोलोवर वेगळा फलक करायचा हट्ट धरला. जागा नाही म्हणून नाही म्हणाले.

27 जुलै

1926 आणि 1933. सरांनी स्वतः मांडणी केली आणि त्यांनी ती वर्गात सांगितली तेव्हा पहिल्यांदा रग्बीची मुलं क्रिकेटसाठी टाळ्या वाजवत होती.

1926 चा डिसेंबर. आर्थर गिलिगनचा एमसीसी (इंग्लंडचा मेरिलबोन क्रिकेट क्लब) संघ बॉम्बे जिमखान्यावर. हिंदूंकडून सी. के. नायडू 153 धावा, त्यात 11 षटकार. एक चेंडू क्लबच्या छपरावर. त्याच दौऱ्यात त्याच मैदानावर अखिल भारतीय संघाकडून पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांनी 148 केल्या. आपली माणसं या दर्जाचा खेळ खेळतात हे पाहून गिलिगन यांनी इथे मंडळ स्थापन करण्याला पाठबळ दिलं, आणि 1928 मध्ये क्रिकेट नियामक मंडळ उभं राहिलं.

मग 15 डिसेंबर 1933. भारतातली पहिली कसोटी, याच मैदानावर. पलीकडे इंग्लंडचा डग्लस जार्डिन, आपल्याकडे कर्णधार नायडू. भारत 219. इंग्लंड 438; ब्रायन व्हॅलेंटाइनचं पदार्पणात 136, आपल्या महंमद निसारचे 5 बळी. दुसऱ्या डावात लाला अमरनाथ यांच्या 118, भारताकडून कसोटीतलं पहिलं शतक, तेही पदार्पणात. नायडूंबरोबर 186 ची भागीदारी. लोकांनी हार घातले, बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले असं वर्णन आहे. भारत 258 आणि इंग्लंड नऊ गडी राखून जिंकलं. रुस्तमजी जमशेदजी त्याच सामन्यात एकेचाळिसाव्या वर्षी पहिली कसोटी खेळले.

त्या मैदानावरची ती एकमेव कसोटी. 1933 मध्येच क्रिकेट क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला, 1937 मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियम उभं राहिलं आणि मोठं क्रिकेट तिकडे गेलं.

माझ्या मनात हेच घोळत राहिलं की ज्या जागेवर अमरनाथ यांनी शतक केलं, तिथे त्याच काळात पावसाळ्यात रग्बी खेळली जात होती. अखिल भारतीय रग्बी स्पर्धा 1924 पासूनची आणि हा क्लब तिच्या मुख्य ठिकाणांपैकी. जून ते सप्टेंबर चिखल आणि टॅकल, थंडीत रोलर आणि पांढरे कपडे. उखडलेली जमीन डिसेंबरपर्यंत कसोटीजोगी करणारे माळी कोण होते? त्यांची नावं धावफलकावर नसतात. फलकाच्या तळाशी मुलांनी एक रिकामी चौकट ठेवली आहे, त्यांच्यासाठी.

3 ऑगस्ट

सर आज एक अडचण घेऊन आले, आणि ती खरी अडचण आहे. "बाई, तुमचा सगळा डोलारा पावसाळा रग्बीचा, हिवाळा क्रिकेटचा यावर उभा आहे. मग कांगा लीग?"

डॉ. एच. डी. कांगा लीग, 1948 पासून, मुंबईत भर पावसाळ्यात. ओल्या खेळपट्टीवर, थांबून थांबून येणाऱ्या चेंडूवर फलंदाजाचं तंत्र तयार व्हावं हाच तिचा उद्देश. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईचे फलंदाज तिथे घडले. म्हणजे पावसाळ्यात क्रिकेट होत नाही हे निसर्गाने ठरवलेलं नाही. ते माणसं ठरवतात, जागेजागेने वेगळं.

मी फलकावरचं वाक्य बदललं. 'पावसाळा हा रग्बीचा हंगाम असतो' हे खोडून 'बॉम्बे जिमखान्यावर पावसाळा रग्बीला देण्यात आला' असं केलं. 'देण्यात आला' या दोन शब्दांवर बराच वेळ गेला.

रात्री धरणातून पाणी सोडल्याची बातमी. उद्या गंगेवर (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं ते बघायला अर्धं नाशिक जाणार. सुट्टीच्या दिवशी काम होणार नाही हे गृहीत धरलं.

10 ऑगस्ट

मुंबई. बारा मुलं, ताई, सर आणि मी. पंचवटी एक्स्प्रेस, नाशिकरोडहून. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून रस्ता ओलांडला की आझाद मैदानच.

मैदानातून चालत जिमखान्याच्या कुंपणापर्यंत गेलो. पलीकडे एच आकाराचे पांढरे खांब. मुलांनी लगेच मोजमाप पाठ म्हटलं: दोन खांबांत 5.6 मीटर, आडवा दांडा 3 मीटर उंचीवर. पावसाची भुरभुर, आत सराव चालू होता. ताई कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि हलेचनात. सरांनी मुलांना बंगल्याचं छप्पर दाखवलं, नायडूंचा चेंडू जिथे पडला होता ते.

इकडच्या बाजूला आझाद मैदानावर एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्टींशेजारी उभा. खेळपट्ट्या इतक्या खेटून. याच मैदानावर फेब्रुवारी 1988 मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची 664 ची भागीदारी झाली. सचिन नाबाद 326, कांबळी नाबाद 349. कुणी कुणाच्या चेंडूला पाय लावत नाही, कुणी कुणाच्या रांगेत शिरत नाही, आणि हे बघायला पंचही नाही. माझ्या मुलांनी मैदानापेक्षा हे जास्त वेळ बघितलं.

परतीच्या गाडीत मुलगे-मुली झोपले. सर आणि ताई वहीवर काहीतरी आखत होते. मी डोकावले नाही.

14 ऑगस्ट

ऑकलंडचं ईडन पार्क. सातवीच्या मुलांनाही सांगता येईल असा फलक, कारण त्यात सचिन आहे. 27 मार्च 1994 ला तो एकदिवसीय सामन्यात पहिल्यांदा सलामीला आला आणि 49 चेंडूंत 82 केल्या. ते मैदान न्यूझीलंडच्या रग्बीचं माहेर. 1987 आणि 2011 च्या विश्वचषकांचे अंतिम सामने तिथेच. रग्बीचं मैदान लांबट आयत, प्रेक्षक त्याला चिकटून बसवलेले, म्हणून क्रिकेटला समोरची सीमारेषा फार जवळ येते. 24 जानेवारी 2020 ला भारताने तिथे टी-ट्वेंटीत 204 धावांच्या लक्ष्याचा पाठलाग एक षटक राखून केला, त्याला तो आकारही कारण.

तारीख बघून माझ्या अंगावर काटा आला. 27 मार्च, एडिनबरोचा पहिला रग्बी सामनाही त्याच तारखेचा. योगायोग आहे, फलकावर घालायचा नाही असं ठरवलं. मुलांनी तरीही घातला.

17 ऑगस्ट

कार्डिफ आर्म्स पार्क. वेल्सच्या रग्बीचं घर आणि त्याच आवारात ग्लॅमॉर्गनचं क्रिकेट. उत्तरेला क्रिकेट, दक्षिणेला रग्बी. एकाच्या डोक्यावर दुसरं नाही, शेजारी शेजारी. 1966 पर्यंत असं चाललं, मग क्रिकेट सोफिया गार्डन्सला गेलं.

फलकासाठी हा नकाशा आखताना, पोलोच्या अर्जावर बोलली होती तीच मुलगी थांबली. खडूने टेबलावरच आपलं मैदान काढलं. खेळपट्टी मधोमध उभी. "बाई, रग्बीचं मैदान आडवं का धरायचं? खेळपट्टीच्या दोन्ही बाजूंना दोन छोटी उभी मैदानं का नाही?"

92 मीटरमधून मधले 12 मीटर खेळपट्टी आणि आजूबाजूच्या गवतासाठी राखले तर दोन्हीकडे चाळीस-चाळीस उरतात. कडा सोडून 38 रुंद, 55 लांब. पूर्ण रग्बीला नाही, पण कमरेला फिती लावून खेळतात त्या टॅग रग्बीला आणि सरावाला पुरेसं. एकाच वेळी दोन गट खेळू शकतील. ताई म्हणाल्या, "मला दोन मैदानं मिळताहेत!"

सर म्हणाले, "आणि मधे कोण जाणार नाही हे कोण बघणार?" उत्तर माळीकाकांनी दिलं. "सुतळी नको. मी मेंदीचं कुंपण करत नाही, ते क्रिकेटला आड येईल. जाड दोर आणि बारा खुंट्या. संध्याकाळी मीच काढीन, मीच बांधीन. पण तारखा मला विचारून ठरवा."

तारखा त्यांनीच सांगितल्या. पितृपक्ष सुरू होईपर्यंत रग्बी. मग खांब काढायचे. हरळी बसवायला तीन आठवडे, पाणी आणि हलका रोलर. जड रोलर कधी? माती हाताला थंड लागते पण बोटाला चिकटत नाही, त्या दिवशी. दिवाळीनंतर क्रिकेट. पावसाळ्यात क्रिकेटवाल्यांनी भिंतीजवळच्या सिमेंटच्या पट्टीवर नेट लावायचं आणि ओल्या मॅटवर आठवड्यातून एकदा, कांगा लीगसारखं. ही शेवटची ओळ सरांची.

कागदावर पहिली सही माळीकाकांची घेतली. मग सरांची, ताईंची, मुख्याध्यापिकांची.

29 ऑगस्ट

प्रदर्शन. सकाळी नऊ ते दुपारी दोन. सात फलक, मधल्या चौकात मैदानाचा नकाशा फक्कीने, दोन छोट्या मैदानांसकट. पालकांत सगळ्यात जास्त वेळ बाळूंच्या फलकाशी. एक आजोबा तिथे बराच वेळ उभे होते. जाताना मुलांना म्हणाले की त्यांच्या लहानपणी आपल्या गोल्फ क्लबच्या मैदानावर सगळेच खेळ चालायचे. त्या मैदानाचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजीचे सामने झाले आहेत आणि तरी सगळं नाशिक त्याला गोल्फ क्लबच म्हणतं. म्हणजे तिसरा खेळही नावात टिकून आहे. अनंत कान्हेरे यांचं 1909 चं धाडस (कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या ते) माहीत असलेल्या मुलांना ते मैदान त्यांच्या नावावर आहे हे मात्र आज कळलं. पुढच्या वर्षीचा विषय हाच घ्यावा.

माळ्यांसाठी ठेवलेल्या रिकाम्या चौकटीत कुणीतरी पेन्सिलने आमच्या माळीकाकांचं नाव लिहून ठेवलं होतं. पुसलं नाही.

21 सप्टेंबर

काल रग्बीचे खांब काढले. ताईंची मुलं स्वतः घेऊन आली, स्वतःच शेडमध्ये ठेवून गेली. पूर्वेकडच्या छोट्या मैदानाचा एक कोपरा फार उखडला आहे. पश्चिमेचा नाही. पुढच्या वर्षी बाजू आलटून पालटून वापरायच्या, वहीत नोंद केली.

मधली बारा मीटरची पट्टी हिरवीगार. दोर दोनदा तुटला, दोन्ही वेळा मुलांनीच सांगितलं.

9 नोव्हेंबर

पहिला सराव सामना, आठवी विरुद्ध नववी. सकाळी सहाला माळीकाका आणि सर रोलर ओढत होते, मागे रग्बीतली चार मुलं ढकलत होती. नवव्या षटकात एक चेंडू खाली राहिला, त्याच टोकाला. सर उठून तिथे गेले, वाकले, अंगठ्याने दाबून बघितलं. जुलैतल्या एकतीस खड्ड्यांपैकी एक होता. त्यांनी खिशातून पांढऱ्या खडूचा तुकडा काढून त्याभोवती गोल केला आणि माळीकाकांना हात करून बोलावलं.